मनाच्या डॉक्टरांवर कोणाची नजर?

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई आमंत्रण घेऊन माझ्या घरी आल्या. "आरोग्यावर काहीतरी सांगा," एवढेच त्या म्हणाल्या. मी मनात म्हटले, रक्तक्षय, मधुमेह, नाहीतर मुलांच्या लशी यांपैकी एखादा विषय घ्यावा; तुम्हालाही सोपा आणि मलाही. पण चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांनी आवाज हलका करून एक हकीकत सांगितली. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीला बाळंतपणानंतर झोप येईना, रडू आवरेना. शहाणी मुलगी; आपण होऊन एका समुपदेशकाकडे जाऊ लागली. तिथे दार लावून घेऊन जे बोलली, ते आठ दिवसांत तिच्या सासूबाईंच्या कानावर आले. पुढे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. तिने ते जाणे तर सोडलेच, पण दुसऱ्या कोणाकडेही जायला ती तयार होईना. "अशा वेळी दाद कुठे मागायची हो ताई?" असे चिटणीसबाईंनी मला विचारले. मी छत्तीस वर्षे परिचारिकेचे काम केलेले, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून रक्तक्षय आज बाजूला ठेवला आहे.

आधीच एक खुलासा करते. मनाच्या डॉक्टरांविरुद्ध तुमची मने कलुषित करावी असा माझा मुळीच हेतू नाही. ज्यांनी अन्नपाणी सोडले होते, ज्यांना घरच्यांनी हात टेकून आणून सोडले होते, अशी माणसे औषधाने आणि धीराच्या शब्दाने बरी होऊन आपापल्या संसारात परत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मन आजारी पडले तर देवर्षीकडे न जाता डॉक्टरांकडे जा, हे मी वर्षानुवर्षे सांगत आले आणि आजही सांगते. आणि तुम्ही जावे असे मला वाटते, म्हणूनच हे बोलणे आहे.

पोटात दुखत असेल तर डॉक्टर पोट दाबून पाहतो, रक्त तपासतो. मनाच्या डॉक्टरापाशी दाबून पाहायला काही नसते. तिथे आपल्यालाच बोलावे लागते; जे आईला सांगितले नाही, नवऱ्याला सांगणे शक्य नाही, ते सांगावे लागते. त्यावाचून उपचारच होत नाही. म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या परक्या माणसाच्या हाती द्यायच्या. आणि त्याने त्या किल्ल्यांचा गैरवापर केला, तर ओरडायचे कोणी? जिने ओरडायचे तिच्या केसपेपरवर आधीच लिहिलेले असते की, हिचे मन ठिकाणावर नाही. दुसऱ्या कुठल्याही रोग्याच्या तक्रारीला असा डाग लागत नाही. हातपाय मोडलेल्या माणसाने "मला मारले" म्हटले तर लोक निदान ऐकून तरी घेतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी नेमणूक मनोरुग्णांच्या एका स्त्रीविभागात झाली होती. एके संध्याकाळी चाळिशीच्या आसपासच्या एका बाईंनी माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "सिस्टर, आज मी मोठ्या डॉक्टरांना उलट बोलले. उद्या मला शॉक देतील बघा." मी त्यांची समजूत घातली, पाणी दिले, आणि शिरस्त्याप्रमाणे केसपेपरवर नोंद केली: 'आपला छळ होतो असा रोग्याचा भ्रम.' दुसऱ्या दिवशी सकाळी शॉकची यादी आली. तिच्या तळाशी निराळ्या शाईने त्यांचे नाव वाढवलेले होते. त्या काळी आमच्याकडे शॉक बिनभुलेचाच देत. चार जणी धरायला लागत. त्या चौघींत मी एक होते.

शॉक ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. भूल देऊन, योग्य त्या रोग्याला दिला तर तो जीव वाचवतो. पण उलट उत्तराची शिक्षा म्हणून तो देणे हा उपचार नव्हे. ते मला त्या दिवशीही कळत होते. मी मेट्रनबाईंकडे गेले नाही, कोणाशी बोलले नाही. पुढे आणखी दोघींनी तसेच सांगितले, तेव्हाही मी 'भ्रम' हाच शब्द लिहिला. त्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना साऱ्या सिस्टरांना नमस्कार केला. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

माझ्यासारख्या भित्र्या मुलीच्या हातूनच असे घडत असेल, असे मी पुष्कळ वर्षे धरून चालले होते. पुढे सिडनीची हकीकत वाचनात आली, तेव्हा कळले की शिकल्यासवरलेल्या, श्रीमंत देशातही याच मार्गाने, पण कितीतरी भयंकर प्रकार सोळा वर्षे चालला होता.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या पेनंट हिल्स नावाच्या उपनगरात चेम्सफर्ड हे एक खाजगी रुग्णालय होते. हॅरी बेली नावाचे मनोविकारतज्ज्ञ तेथे १९६३ पासून १९७९ पर्यंत एक उपचार करीत. त्याचे नाव ऐकायला फार गोड आहे: दीर्घनिद्रा. उदास वाटणारी, चिंतेने पोखरलेली, दारू किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेली माणसे तेथे येत. त्यांना बार्बिच्युरेट जातीची गुंगीची औषधे इतक्या मात्रेने देत की ती दिवसचे दिवस, कधी दोन आठवडे, बेशुद्ध पडून राहत. नाकातून नळी घालून अन्न द्यायचे आणि त्याच अवस्थेत विजेचे झटकेही. मेंदूला विश्रांती मिळाली की मन ताजे होते, असे सांगितले जाई.

तुमच्यापैकी ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्यांना यातला धोका लगेच उमगेल. बेशुद्ध माणसाला कूस बदलून द्यावी लागते, तोंड पुसावे लागते. नाहीतर कफ छातीत उतरतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. शुद्धीतला माणूस निदान "तहान लागली" एवढे म्हणतो. या उपचारापायी २४ माणसे दगावली. हा आकडा पुढे सरकारी चौकशीतच निघाला. हजाराहून अधिक रोग्यांवर हा प्रयोग झाला होता. जी वाचली त्यांतली कित्येक जन्मभराचे दुखणे घेऊन घरी गेली.

१९७३ साली तिथे एक तरुण गेला. उपचाराला संमती म्हणून सही करा, असे त्याला सांगितले, तर त्याने नकार दिला. "बरे, मन शांत व्हायला एवढी गोळी तरी घ्या," म्हणून एक गोळी दिली. तो जागा झाला तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते, आणि जे त्याने नको म्हटले होते ते सारे करून झाले होते. त्याने दावा लावला. १९८० साली ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि त्याला ६०,००० डॉलर भरपाई ठरवली. मरणाऱ्यांच्या वतीने मात्र असे उभे राहणारे फारसे कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी बायकांच्या सभेत सांगायलाच हवी. याच डॉक्टरांनी आपल्या एका स्त्रीरोग्याशी संबंध जोडले होते. ती नर्तकी होती. १९७८ साली तिने आत्महत्या केली आणि आपली मालमत्ता मृत्युपत्राने त्यांच्याच नावे ठेवली. जो मनाचा वैद्य, तोच प्रियकर आणि तोच वारस! आमच्या आजीच्या भाषेत सांगायचे, तर कुंपणानेच शेत खाल्ले.

तुम्ही म्हणाल, हा माणूस मुळातच राक्षस असणार. मलाही तसेच वाटले होते. पण चेम्सफर्डला येण्यापूर्वी हे गृहस्थ सिडनीच्याच कॅलन पार्क या सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. तेथले सेवक रोग्यांना क्रूरपणे वागवतात, अशी तक्रार त्यांनीच धैर्याने पुढे आणली आणि तिच्यावरून १९६१ साली शाही आयोगाची चौकशी झाली. म्हणजे दुसऱ्यांवर नजर हवी हे त्यांना चांगले ठाऊक होते. पुढे स्वतःवर कोणाची नजर नाही अशी जागा मिळाली, तेव्हा काय झाले ते आपण पाहिलेच. एवढ्यासाठी "अहो, ते डॉक्टर देवमाणूस आहेत" हे वाक्य मला आता पुरेसे वाटत नाही. असतील देवमाणूस. तरी नजर हवीच.

सोळा वर्षे हे चालले कसे? मला यातच अधिक शिकण्यासारखे वाटते. डॉक्टरांचे नाव मोठे. मृत्यूचे दाखले मिळत गेले. रुग्णालयाचा परवाना चालू राहिला. नातेवाइकांनी म्हटले, "आधीच तिची प्रकृती नाजूक होती." परिचारिकांपैकी काहींना खटकत होते, पण हुकूम डॉक्टरांचा. या शेवटच्या ओळीपाशी मी पुस्तक मिटून किती वेळ बसले होते कोण जाणे.

तोंड उघडले तेही एका परिचारिकेनेच. तिने आतली कागदपत्रे बाहेर नेली. ती गेली एका अशा समितीकडे, जी सायंटॉलॉजी नावाच्या पंथाने स्थापन केलेली आणि मनोविकारशास्त्राच्याच मुळावर उठलेली. मला त्या पंथाविषयी काडीचेही प्रेम नाही. औषधोपचार सारे थोतांड, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याकडेही थोडे नुकसान केलेले नाही. पण ज्यांनी पाहायचे ते झोपले की खरी बातमी भलत्याच माणसाच्या तोंडून बाहेर येते. मग "बोलणारा कोण ते पाहा" म्हणून ती उडवून लावणे सोपे जाते. चेम्सफर्डच्या बाबतीत बरीच वर्षे हेच झाले. १९८० साली दूरचित्रवाणीवर सारे प्रकरण आले, तरी न्यायमूर्ती जॉन स्लॅटरी यांचा शाही आयोग नेमला गेला १९८८ साली, आणि अहवाल आला १९९० साली. तोवर बेली हयात नव्हते. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच जीव दिला होता. शिक्षा अशी त्यांना झालीच नाही.

त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. न्यू साउथ वेल्स राज्याने १९९३ साली कायदा करून रोग्यांच्या तक्रारी ऐकणारा एक स्वतंत्र आयोग स्थापन केला. तक्रार डॉक्टरांविरुद्ध असली तर ती केवळ डॉक्टरांच्याच कचेरीत जाऊन पडू नये, हा त्यामागचा विचार. जावेविरुद्धचे गाऱ्हाणे जावेच्याच माहेरी नेऊन काय उपयोग!

अमेरिकेतला एक निकालही थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कचे रेनेटस हार्टोग्ज हे मनोविकारतज्ज्ञ बायकांच्या एका खूप खपाच्या मासिकात सल्ल्याचे सदर लिहीत. त्यांच्या एका रोगी स्त्रीने फिर्याद केली की, उपचाराच्या नावाखाली यांनी माझ्याशी वर्षभराहून अधिक काळ शरीरसंबंध ठेवला. प्रेमप्रकरणात फूस लावल्याबद्दल भरपाई मागण्याची वाट त्या राज्याच्या कायद्याने बंद केलेली होती. तेव्हा हा दावा चालूच शकत नाही, असे डॉक्टरांच्या बाजूने मांडण्यात आले. १९७५ साली कोर्टाने ते मानले नाही. हे प्रेमप्रकरणच नव्हे, पालक आणि पाल्य यांच्यात जसा विश्वास असतो तसा तो इथे आहे आणि त्याचा भंग झाला आहे, असा त्या निकालाचा रोख होता. ज्यूरीने साडेतीन लाख डॉलर ठरवले. वरच्या पायऱ्यांवर कमी होत होत ते २५ हजारांवर आले. पैसे कमी झाले, पण "तीही तयार होती ना?" हा जो प्रश्न लोक लगेच विचारतात, त्याचे उत्तर मिळाले.

आपल्याकडेही ते उत्तर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६८ व्या कलमान्वये, रुग्णालयातील अधिकारी वा नोकर, किंवा ज्याच्यावर विश्वासाने भार टाकला आहे असा माणूस, आपल्या जागेचा गैरफायदा घेऊन स्त्रीला शरीरसंबंधाला राजी करील तर तो गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे. जुन्या दंडसंहितेतही असे कलम होते. डॉक्टरांच्या आचारसंहितेतही रोग्याशी अनुचित संबंध हे गैरवर्तन गणलेले आहे, आणि त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.

आता चिटणीसबाईंच्या प्रश्नाकडे येते. २०१७ साली आपल्या संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि २०१८ पासून तो अमलात आहे. मी तो दोनदा वाचला. भाषा वकिली आहे, पण आत आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे. रोग्याची माहिती गुप्त राखणे हा रोग्याचा हक्क आहे, डॉक्टरांचा उपकार नव्हे. आपले कागद आपण मागू शकतो. बिनभुलेचा शॉक देण्यास बंदी आहे, साखळीने बांधण्यासही बंदी आहे. तीन वर्षांखालील मूल असेल तर आईच्या मुक्कामात ते सहसा तिच्यापासून तोडायचे नाही. आणि एक कलम तर मी मुलीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतले आहे: समाजाच्या नीतिकल्पनांना किंवा रूढींना धरून वागत नाही, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. सासरी नांदत नाही, परजातीत लग्न करते म्हणते, इस्टेटीतला वाटा मागते, म्हणून 'डोके फिरले आहे' असा दाखला आणण्याचे प्रकार आपण ऐकले नाहीत असे नाही.

यावर देखरेखीसाठी मंडळे नेमायची आहेत. त्यांचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे. सभासदांत डॉक्टर असतात, पण केवळ डॉक्टर नव्हेत. दोन जागा अशांसाठी आहेत ज्यांनी हा आजार स्वतः भोगला, किंवा घरात सांभाळला, किंवा जे एखाद्या सेवाभावी संस्थेचे आहेत. एखाद्या बाईला तिच्या संमतीवाचून दाखल केले तर तीन दिवसांत तसे या मंडळाला कळवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. आणि अशा रीतीने दाखल झालेल्या व्यक्तीची इच्छा असेल तर तिच्या वतीने नोंदणीकृत संस्थाही फेरविचारासाठी अर्ज करू शकते. आपले मंडळ नोंदणीकृत आहे, भगिनींनो. हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा आपण करतोच, त्या करूच. पण हा अर्ज करण्याचा अधिकारही आपल्याला आहे हे किती जणींना ठाऊक होते? मला स्वतःला सहा महिन्यांपूर्वी नव्हते.

सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. ही मंडळे नेमायलाच कित्येक राज्यांना वर्षे लागली. समुपदेशकांची गोष्ट तर आणखी कच्ची. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेत असते. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते. पण नुसती 'समुपदेशक' अशी पाटी दारावर लावायला बरीच वर्षे कोणाला काही विचारतच नव्हते. २०२१ साली त्यांनाही धरून कायदा झाला आहे. तो घरोघरी पोचेपर्यंत आपणच विचारायचे: आपले शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय, मी बोललेले कोणाला सांगणार नाही ना, आणि सांगण्याची वेळ आलीच तर मला आधी विचाराल ना? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. भाजीवालीला आपण चारदा भाव विचारतो आणि इथे मान खाली घालून बसतो.

ज्या मुलीपासून मी सुरुवात केली, तिला मी भेटून आले. तिने मंडळाला सांगायची परवानगी दिली आहे, नाव न घेता. तिला तक्रार करायची नाही; "पुन्हा तेच सगळे कागदावर लिहायचे?" असे म्हणाली. मी आग्रह केला नाही. तिची झोप अजून परतलेली नाही. येत्या मंगळवारी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे ती येणार आहे. मात्र मी दाराबाहेर बाकावर बसून राहायचे, अशी तिची अट आहे. मी बसणार आहे.

शेवटचे एक काम. याच कायद्याप्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला, धडधाकट असतानाच, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून ठेवता येतो. उद्या माझे मन आजारी पडले तर माझ्या वतीने कोणी बोलायचे, कोणी मला भेटायला यायचे, कोणी प्रश्न विचारायचे, ते आजच लिहून ठेवायचे. नवराच हवा असे नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल. स्टँपपेपर लागत नाही. साधा कागद, त्यावर सही किंवा अंगठा. ज्याला नेमले त्यानेही आपली कबुली लेखी द्यायची. माझा कागद मी माझ्या धाकट्या जावेच्या नावे केला आहे. घरात थोडी कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली. अशा कागदांचा एक गठ्ठा मी येताना आणला आहे. बाहेर चपला काढल्या आहेत तिथल्या टेबलावर तो ठेवला आहे, शेजारी पेनही आहे. ज्यांना लिहायला अडचण वाटेल त्यांच्याजवळ मी बसेन. फराळ झाल्यावर अर्धा तास मी इथेच आहे.